पाण्यात उतरण्याआधीचे भाऊजी

आळसाला शास्त्राचा भक्कम आधार आमच्या भाऊजींएवढा अख्ख्या नागपुरात कोणी दिला नसेल. ताईचे हे यजमान मुंबईच्या गोदीत पाणबुड्याचं काम शिकून आले होते. पारशिवनीच्या पुढे धरण होत आलं होतं, त्याचे पाण्याखालचे दरवाजे तपासायला ते खोल उतरत. उतरण्याच्या आदल्या दिवसापासून मात्र त्यांचा मुक्काम पलंगावर. ताईने गव्हाचं पोतं उचलायला सांगितलं, की पडल्यापडल्या समजावत, "सोड्याची बाटली हलवून उघडली तं काय होते? तसंच रक्ताचं हाये. मेहनत करून खोल गेलो, का वर येताना रक्तात बुडबुडे!"

"पाण्यात उद्या जायचं, मंग पोतं आज काहून नाही उचलत?"

"बुडबुड्याले तारीख समजते का वं?"

सीताबर्डीवर खरेदीला गेले, की पिशव्या ताईकडे आणि भाऊजी पुढे रिकाम्या हाताने, नवरदेवासारखे. शेजारच्या वरातीत नाचायलाही त्यांनी नकार दिला होता. ते सायकलरिक्षात बसून वरातीमागून गेले.

मग त्यांना एक जोडीदार मिळाला. भंडाऱ्याकडचा पहिलवान गडी. पाण्यात उतरण्याआधी धरणाच्या काठावर दंड मारायचा. भाऊजी कळवळून म्हणाले, "राजा, आता दंड नको मारू गा."

"तुम्ही झोपा जी, दादा," तो हसला.

दोघे उतरले, बुडबुडे टाळायच्या नियमाप्रमाणे थांबत थांबत वर आले. थोड्या वेळाने गड्याचा खांदा ठणकू लागला, मग पायच लुळे पडले. जीप वर, बांधावर उभी. काठावरचे मजूर त्याला उचलून न्यायला खाट शोधायला धावले. भाऊजींनी वाट पाहिली नाही; त्याला पाठीवर घेतलं आणि तो उभा चढ चढले. पाण्यातून वर आल्यावरही लगेच कष्ट केले तर तेच बुडबुडे गाठतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

इस्पितळात दोघे शेजारशेजारच्या खाटांवर, दोघांच्या नाकाला ऑक्सिजन. गडी हळूहळू चालायला लागला. भाऊजींचा गुडघा मात्र कायमचा गेला.

ताई रडत रडत भांडली, "एवढं समजत होतं, तरी काहून उचललं त्याले?"

"त्याचे पाय हालत नव्हते वं. मंग कोणाचे हालवायचे?"

त्यानंतर त्यांना कोणी पाण्यात उतरू दिलं नाही. रविवारी मी त्यांच्यासोबत अंबाझरी तलावाच्या काठावर बसत असे. पाण्यात कोणी सूर मारला, की त्यांचं बोलणं अर्ध्यावर तुटायचं, आणि तो माणूस वर येईपर्यंत भाऊजी श्वास रोखून बसायचे.