डोळे मिटलेल्या आमदाराचा फोटो

एका डोळे मिटलेल्या आमदारापायी आमच्या ह्याईची पक्की नोकरी हुकली.

आज हे देवाघरी जाऊन वर्ष झालं. आता सांगून टाकते. मनात ठेवून ठेवून मीच थकली.

परवा पणतीचं बारसं झालं. लय गोड पोरगी, नाक अगदी ह्याईचं. मोबाईलवर किती फोटो निघाले त्याचा हिशोब नाही. तिनं डोळे मिटले की सगळे म्हणत, हा खराब झाला, डिलीट करा.

मले एकदम सारं आठवलं.

हे एका पेपरासाठी फोटो काढत. पक्के नव्हते, सहा वर्षं नुसते टेम्पररी. हिवाळ्यात अधिवेशन नागपुरात आलं की ह्याईले विधानभवनात वरच्या गॅलरीचा पास मिळे. तोही थोड्या वेळाचा.

तुमाले वाटन, त्यात काय, बटन दाबायचं.

फ्लॅश मारायचा नाही. वाकायचं नाही. जागा सोडायची नाही.

वरून पाहा तं नुसती टकलं अन् टोप्या.

उजेड इतका कमी की जो हात हलवून बोलला तो फोटोत धूर होऊन जाय. अन् आमदार हात न हलवता बोलते का कुठं?

त्यात कॅमेऱ्याचा खट् आवाज. सभागृह शांत असलं की मार्शल मान वळवून पाहे. म्हणून हे खोकल्यासोबत बटन दाबत. घरी खोकायची प्रॅक्टिस करत. सासूबाईले वाटलं पोराच्या छातीत काही झालं. महिनाभर अडुळशाचा काढा पाजला. ह्याईनं मुकाट्यानं पिला.

रोल घरीच धुवत, मग न्हाणीत लाल बल्ब लावून कागदावर फोटो काढत. फोटोच्या औषधाची परात हलवायचं काम माह्यं. डिसेंबरचं पाणी, बोटं बधिर होत. भाकरीले औषधाचा वास ये.

तं सत्तर-बहात्तर साल असन. नरखेडकडचे एक म्हातारे आमदार होते, संत्र्याच्या बागेतले. विहीर खोदताना सुरुंगानं त्याईचा एक कान गेलेला. मंत्री पाण्यावर बोलून राहिले होते, अन् हे आमदार डोळे मिटून, मान कलती करून बसलेले.

त्या रोलमध्ये तेवढा एकच फोटो साफ आला. बाकी सगळे हलले.

मले हसू आलं. म्हटलं, घ्या, झोपले.

हे हसले नाही. म्हणे, "झोपले नाही वं. एका कानानं ऐकते माणूस, म्हणून तो कान मंत्र्याकडं करून डोळे मिटते. बाहेर पायरीवर गावच्या लोकाईले त्याईनं मंत्र्याचं उत्तर शब्दान् शब्द सांगतलं. मी तिथंच उभा होतो."

पण गॅलरीत ह्याईच्या बाजूले बसलेल्या बातमीदारानं पेपराच्या साहेबाले आधीच सांगून टाकलं होतं, आमदार झोपले अन् फोटोही निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला. तो फोटो आणा, चार कॉलम छापतो. खाली लिहायचं, विहिरी आटल्या, आमदार झोपेत. अन् सोमवारी पक्क्या नोकरीचं पत्र घेऊन जा.

मी म्हटलं, "द्या ना. फोटो तं खरा आहे."

"फोटो खरा आहे. खालची ओळ खोटी आहे."

"ओळ तुमी लिहून राहिले का? तुमी तं बटन दाबलं."

ह्याईनं सायकल काढली अन् गेले.

मले वाटलं, द्यायलेच गेले. मी शिरा केला. शेजारणीलेही सांगून आली.

हे आले, हातपाय धुतले, शिरा खाल्ला. मग म्हणे, बाकीचे हललेले फोटो दाखवले अन् तोही असाच हलला म्हणून सांगतलं.

साहेब ह्याईले सगळ्याईसमोर बोलले होते. "इतकी वर्षं झाली, अजून हात बसला नाही तुमचा?"

पत्र काही आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात पास दुसऱ्याले गेला. मग पेपरच सुटला. पुढं हयातभर लहानशा दुकानात पासपोर्टचे फोटो काढले. हनुवटी वर करा, हलू नका.

मी लय दिवस फणफणली. म्हटलं, खोटंच बोलायचं होतं तं आपल्या हातावर काहून घेतलं? रोल खराब निघाला म्हणायचं.

म्हणे, "साहेबानं रोल दाखवा म्हटलं असतं. हात कोण तपासते?"

त्यानंतर ह्याईनं हा विषय काढला नाही. मीही नाही. दोघंही थकलो होतो, पोरं लहान होती.

ते आमदार कधीच गेले. साहेबही गेले. निगेटिव्ह मात्र ह्याईनं फेकली नव्हती, कपाटात कागदात गुंडाळलेली सापडली. नातीनं फोटो करून आणला. या पोस्टसंगं लावला आहे. डोळ्यावर जाऊ नका, मान कोणत्या बाजूले कलली ते पाहा.

फोटोखाली एक ओळ मी लिहिली आहे.

"आमदार ऐकून राहिले आहेत."

अन् अहो, तुमचा हात हलला नव्हता. आज सगळ्याईले सांगतलं.

आता निवांत झोपा. घरच्या सगळ्याईचा तुमाले नमस्कार.