शेपटाची लाल फीत

डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत दौलतची नक्कल कुणालाही जमायची. एक डोळा मिटायचा, पट्टी धरल्यासारखी दोन बोटं नाकासमोर आणायची आणि घशातून एकेक शब्द मोजून सोडायचा: "असं... नव्हतं." झाला दौलत तयार. आमटीत मीठ जास्त पडलं, असं नव्हतं. नळाला पाणी आलं, असं नव्हतं. गॅलरीभर हशा पिकायचा. खुद्द दौलत तिथून जात असला तर थांबायचा, ऐकायचा आणि अगदी गंभीरपणे सांगायचा, "मी 'नव्हतं' जरा लांबवतो."

चिंचपोकळीच्या एका ओतशाळेत तो लाकडी साचे करायचा. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी जुळा लागतो. तो दौलतच्या हातचा. धातू निवताना आकसतो म्हणून साचा कणभर मोठा ठेवतात, आणि त्यासाठी पट्टीही वेगळी असते, जिचा इंच आपल्या इंचाहून किंचित लांब. ती पट्टी त्यानं कधी घरी आणली नाही. "घरात खोटा इंच नको," म्हणायचा. घरी खरी पट्टी होती, आणि घरी तो विमानं करायचा.

विमानं कसली, विमान एकच. डाकोटा. पांगाऱ्याच्या लाकडाचं, चार फुटांना एक इंच या मापानं. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत दोन फुटांना पाव इंच कमी. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर देवांची फळी मोकळी झाली होती, तिच्यावर अशी सहा विमानं ओळीनं उभी होती. तोच राखी रंग, शेपटावर तोच नंबर. त्याची बायको बकुळा पाहुण्यांना सांगायची, "सहा पोरं झाली असती तरी एकासारखं एक निघालं नसतं. पण ह्यांचं बघा."

एक गोष्ट मात्र ती पाहुण्यांना सांगत नसे, आणि तिच्यामागचं कारण तिलाही ठाऊक नव्हतं.

विमान जमिनीवर उभं असलं की शेपटाचं सुकाणू वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला लाकडी चाप लावतात. चापाला हातभर लाल फीत, विसरू नये म्हणून. उडायच्या आधी तो चाप काढायचा आणि वैमानिकाला दिसेल असा वर धरून दाखवायचा. मुंबईला यायच्या आधी दौलत हवाई दलात होता, तिथं त्याचं कामच ते. अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात, उत्तरेच्या एका तळावर, त्याही सकाळी त्यानं चाप काढला असणार. बोटं गारठलीत, हातात लाल फीत आहे, हे त्याला लख्ख आठवायचं. ती फीत त्या सकाळची की आदल्या सकाळची, एवढंच आठवत नव्हतं.

विमान डोंगराकडच्या ढगात शिरलं ते शिरलंच. त्यातून खाली सामान ढकलायला हरेश्वर गेला होता, वरळी कोळीवाड्यातला, दौलतचा जिगरी. दारात उभा राहून हात वर करत तो ओरडला होता, "दौल्या, तुझ्यासाठी बर्फ आणतो रे, सरबत करू."

चौकशीत साहेब म्हणाला, चाप राहिला असता तर विमानानं जमीन सोडलीच नसती. उडालं ना नीट? मग झालं तर. मोजणीत एक चाप कमी भरला. त्यावर साहेबच म्हणाला, चाप काय, रोज हरवतात, कुणीतरी शेकोटीत घातला असेल. सगळ्यांचं समाधान झालं. दौलत नोकरी सोडून मुंबईला आला आणि विमानं करायला बसला.

प्रत्येक विमान पुरं झालं की त्याच्या शेपटाला चाप असायचा. काडीएवढा, लाल दोऱ्याच्या फितीचा. दौलतला तो केल्याचं आठवायचं नाही. पहिल्या खेपेला त्याला वाटलं, बकुळानं गंमत केली. ती म्हणाली, "मला काय घरात कामं नाहीत होय?" पण पुढच्या खेपेला, रविवारी भर दुपारी, तिनं त्याला पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता आणि खाली त्याची बोटं काडी तासत होती. तिनं हाक मारली नाही. दौलतनं तोही चाप उपटून चुन्याच्या डबीत टाकला. डबीत आता सहा झाले होते.

हरेश्वरच्या आईकडे, सखुबाईकडे, तो कधी गेला नाही. ती लोअर परळच्या बाजारात मासळी विकायला बसते, हे त्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तेव्हापासून तो बाजाराला वळसा घालून जायचा. मासळीच सोडली, बकुळाला म्हणाला, वास सहन होत नाही. "कोकणातला माणूस, आणि मासळीचा वास," ती म्हणाली, पण पुढे विचारलं नाही.

एकोणसाठ साली समितीची मिरवणूक निघायची होती. चाळीचे चिटणीस चिंतामणी दौलतकडे आले. चिंतामणींना कुणी मीठ विचारलं तरी ते शिवाजी पार्कवर भाषणाला उभे असल्यासारखे बोलायचे.

"दौलतराव, या चाळीनं आज आपल्याकडे एक मागणी केली आहे. ट्रकवर विमान पाहिजे. एका पंखावर 'संयुक्त महाराष्ट्र', दुसऱ्यावर 'झालाच पाहिजे', आणि पोटातून फुलं."

"डाकोटाच्या पोटातून काही पडत नाही. दार बाजूला असतं."

"अहो, पडलं तर बिघडलं कुठं?"

"असं नव्हतं," दौलत म्हणाला. मागं कुणीतरी खुसखुसलं.

चिंतामणींनी मग पत्र्याचं विमान करून घेतलं. पण दौलतनं दिलेला नकार त्यांनी नाक्यानाक्यावर भाषणासारखा सांगितला, बाजारातही सांगितला. दुसऱ्याच रविवारी सकाळी सखुबाई रिकामी पाटी काखेत मारून दौलतच्या दारात उभी.

"तूच काय रं दौलत? हऱ्याच्या चिट्टीतला?"

दौलतच्या हातातली कानस तशीच राहिली. तो हो म्हणाला.

"म्हंजे इतकी वर्सं तू हितं आनि मी तितं." तिनं हनुवटीनं बाजाराकडे दाखवलं. "दहा मिंटांची वाट."

"सात," दौलत म्हणाला. बकुळानं कपाळाला हात लावला.

सखुबाईनं फळीवरची विमानं एकेक करून पाहिली. "मना त्याचा इमान करून दे. पन ह्यो असला शिळ्या माशाचा रंग नको. दर्यात जाते त्या आमच्या होरीचा रंग दे, हिरवा, मधी पिवळा पट्टा. नाकावर नाव लिव, हरेश्वर. आनि दारात त्याला उभा कर, हात वर केलेला."

"मावशी, असं नव्हतं."

"तू बगितलास तसं तुज्याकडं सा हायत की. मना एक माज्यासारका दे."

तिला नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. पण रंग कालवायला बसल्यावर त्याच्या मनात आलं, हे विमान तर ते नव्हेच. हिरवं, पिवळं, नाव लिहिलेलं. ह्याच्यात बोटांना आठवायला आहे काय? त्यानं पट्टी खुंटीला अडकवली आणि सगळं अंदाजानं केलं. पंख जरा वल्ह्यासारखे झाले, नाक फुगलं. त्याला हसू आलं. दारात बोटभर हरेश्वर उभा केला, तर तो हुबेहूब चेष्टेखोर निघाला. बकुळानं लग्नानंतर पहिल्यांदा त्याला गुणगुणताना ऐकलं.

मिरवणुकीच्या दिवशी सखुबाई न्यायला येणार होती. दौलतनं विमान वाळलंय का बघायला उचललं, फिरवलं, आणि त्याचं गुणगुणणं थांबलं. शेपटाला चाप होता. लाल फीत होती. त्यानं खुंटीवरची पट्टी काढून लावली. सगळं विमान अंदाजाचं, पण चाप मात्र चार फुटांना एक इंच, तंतोतंत. त्यानं नखानं ओढला. आधीचे सहा सहज निघाले होते. हा जागचा हलेना.

तेवढ्यात सखुबाई आली. "काय ओढतंस त्याला?"

दौलतनं विमान खाली ठेवलं आणि सांगितलं. फीत, गारठलेली बोटं, ढग, कमी भरलेला चाप, सगळं. बकुळाही पहिल्यांदाच ऐकत होती. सखुबाई उंबऱ्यावर बसली.

"साएब काय बोलला?"

"राहिला असता तर उडालंच नसतं, म्हणाला."

"आनि तू काय बोलतंस?"

"मला माहीत नाही, मावशी." हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. "थांबा, बारीक करवत घेतो. काढून देतो."

तिनं त्याचं मनगट धरलं. हात थंड होता, बर्फातल्या मासळीत दिवसभर राहणारा. "ऱ्हाऊ दे. होरी किनाऱ्याला लावली का आमीबी सुकाणू बांदतो. बांदलेली होरी जात नाय कुटं." फितीवरून तिनं अंगठा फिरवला. "तवा बांदला व्हतास का नाय, त्यो तुजा तू बग. ह्या येळेला मी त्याला जाऊ द्याची नाय."

विमान पाटीत ठेवून तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि जिना उतरली. दौलत गॅलरीत आला. खाली मिरवणूक पोचली होती. ट्रकवरचं पत्र्याचं विमान पोटातून झेंडू सांडत होतं, चिंतामणींचा आवाज बसला होता. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," ते घोगऱ्या गळ्यानं म्हणत आणि सारा रस्ता उत्तर देई, "झालाच पाहिजे." गर्दीत सखुबाई बुडाली. पाटीही बुडाली. डोक्यांच्या वर दिसत होतं ते फक्त हिरवं विमान, सावकाश दूर जाणारं. वारा सुटला होता आणि शेपटाची फीत मागं सरळ ताठ झाली होती.

दौलतचा हात वर गेला. थांबवायला, की चाप दाखवायला, ते त्यालाच कळलं नाही. हातात काहीच नव्हतं.

आता तो बाजारातूनच जातो. सखुबाई कोयत्यावरची नजर न काढता सांगते, "हाय, तितंच हाय." तो मान हलवतो, बांगडे घेतो. चाळीतली नक्कल बंद पडली, कारण मूळ माणूसच आता "असं नव्हतं" म्हणत नाही. सातवं झाल्यावर आठवं त्यानं केलं नाही.

डोळे मिटले की त्याला आता स्वच्छ दिसतं: विमान चाललंय आणि शेपटाला लाल फीत फडफडतेय. पूर्वी एवढंही दिसत नव्हतं. ते पाटीतलं की धावपट्टीवरचं, हे मात्र ठरत नाही. त्यानं बकुळाला सांगून टाकलं.

बकुळा तांदूळ निवडत होती. "अहो, सोपं आहे. रंग आठवा ना. हिरवं असलं तर सखुबाईचं."

दौलतनं डोळे मिटले. ती तांदूळ निवडायची थांबली आणि बघत राहिली. एक डोळाही न उघडता तो बराच वेळ तसाच बसला.

"फीतच दिसते," तो म्हणाला.