मेण लागलेल्या बासरीचा सूर

बाळगोंडा मगदूम सर, म्हणजे आम्हा सर्वांचे आण्णा, मला पहिल्यांदा भेटले ते माझा धाकटा भाऊ सलीम याच्या सायकल दुकानात. ते तेव्हा कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या शाळेत शिक्षक होते. पंक्चर काढून झाल्यावर सलीमने हौसेने त्यांना बासरी वाजवून दाखवली. आण्णांनी डोळे मिटून ऐकले.

"सूर खाली हाय, पावणं. पर फुंक चांगली हाय. उद्या शाळा सुटल्यावर या."

सलीम त्यांचा शिष्य झाला. मला वाजवता येत नव्हते, म्हणून मी आण्णांची पत्रे लिहू लागलो.

बासरीवाले एकेकटे वाजवतात, एकमेकांचे ऐकत नाहीत, ही आण्णांची खंत होती. त्यांनी देशभर पत्रे धाडली आणि कोल्हापूरचा बासरी मेळावा उभा राहिला. आसाम, बंगाल, पंजाब, तमिळनाडू इथून वादक येतात. कोणीही लॉजवर उतरायचे नाही, गावातल्या घरांतच राहायचे, हा आण्णांचा नियम. आमच्याकडे उतरलेले तमिळ वादक अजानच्याही आधी रियाज सुरू करत. सलीम म्हणायचा, "आण्णांनी आमच्याकडं गजर पाठवलाय."

समारोपाला सगळे एकत्र वाजवतात. त्याआधी सलीम आपल्या बासरीवर एकच सा धरायचा आणि सगळे त्याला सूर मिळवायचे. सुराच्या बाबतीत आण्णा कोणाची गय करत नाहीत. एका वर्षी त्यांचाच मुलगा केसभर चढा वाजला. "तू जा, वाढप्यांना मदत कर," म्हणून त्यांनी त्याला सर्वांदेखत मंचावरून उतरवले.

यंदा मेळाव्याच्या दोन महिने आधी सलीम गेला. सकाळी दुकान उघडून बसला आणि बसल्या जागी गेला. याहून अधिक लिहिणे मला जमणार नाही. मेळाव्याच्या कामातून मोकळे व्हायचे मी ठरवले. सलीमची बासरी आण्णांच्या हाती द्यावी म्हणून तिची पेटी उघडली, तर बांबूला चीर गेलेली. मला त्यातले कळत नाही. मी मेण भरले, दोरा गुंडाळला आणि समारोपाच्या दिवशी ती घेऊन सभागृहात गेलो.

आण्णांनी बासरी घेतली. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्या दिवशी त्यांचे एकल वादन ठरले होते. ते न करता ते सलीमच्या जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी सा धरला.

वादक एकमेकांकडे पाहू लागले. आमच्याकडे उतरणारे ते तमिळ वादक संकोचाने म्हणाले, "आण्णा, ये तो नीचे है."

माझे मेण भोकांच्या कडांना लागले होते. भोके बारीक होऊन सूर उतरला होता. मला हे मागाहून समजले. आण्णांना पहिल्या फुंकेतच कळले असणार. मुलाला मंचावरून उतरवणारे आण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "नीचे है, तो तुम भी नीचे आओ."

देशभरच्या वादकांनी सूर खाली आणायला बासऱ्या ओठांवर किंचित आत वळवल्या. तबलेवाल्यांनी हातोडी काढून तबल्याचा सूर उतरवला. सगळे त्या सुराला येईपर्यंत आण्णांनी सा सोडला नाही.

वादन संपल्यावर मी म्हणालो, "आण्णा, मेण खरवडायला दोन मिनिटं लागली असती."

"व्हय की. पर हात हुईना. तुझ्या बोटांचे ठसे हाईत त्यात, हसन."

मी डोळे पुसले.

"आता रडत बसू नगंस. पुढच्या वर्षाची पत्रं लिवायला घे."

मी सलीम गेल्याच्या धक्क्यातून अजून सावरलेलो नाही. पण पहिले पत्र आसामला गेले आहे. आण्णांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांची फुंक शाबूत राहो. येत्या मेळाव्यातही सा त्यांनीच धरावा. खाली लागला, तर आम्ही खाली येऊ.