भिंतीकडची गाडी

तळोद्याच्या रस्त्यावर मिरची वाळवायची माझी पथारी आहे. तिथे एक म्हातारा जुनी रुग्णवाहिका घेऊन आला. आत खाट, शेगडी, पाण्याचे दोन कॅन; नवरा-बायकोचं तेच घर. "आठ दिन ऱ्हावू दे, भाऊ," तो म्हणाला. मी तीनवर आणलं. घासाघीस केल्याशिवाय मी कुणाला सावलीही देत नाही.

पथारीच्या कडेला माझ्या भावाने भिंत बांधली आहे, माझ्या जागेत दोन हात सरकून. ओट्यावर खुर्ची टाकून त्या भिंतीकडे बघत सकाळचा चहा प्यायचा, हा माझा चार वर्षांचा नेम.

म्हातारा रोज सकाळी भिंतीकडे लावलेली गाडी थोडी फिरवायचा, मागचं दार उघडायचा, बायकोच्या उशीशी डोकं टेकून बाहेर बघायचा आणि पटलं नाही तर पुन्हा फिरवायचा.

तिसऱ्या दिवशी मी डाफरलो, "काय बाबा, वास्तू पाही ऱ्हायनात का?"

तो हसला. "तिले लकवा शे, मान वळस नही. काल डोंगर दखाडा, आज तुन्ह्या लाल मिरच्या. समोरनी भिंत काही हालस नही, भाऊ, म्हनीसन गाडी फिरावस."

आतून ती माझ्याकडे बघत होती. एका बाजूने हसली.

"ऱ्हावा मंग आठ दिन," मी म्हणालो.

"दहा," तो म्हणाला.

समोरच्याचा आकडा मी तसाच मानला, असं पहिल्यांदाच झालं.

अकराव्या दिवशी ते गेले. भावाशी मी अजून बोलत नाही, जागेचा दावाही सोडलेला नाही. ओट्यावरची खुर्ची मात्र आता डोंगराकडे तोंड करून असते.