डावऱ्या हाताचा ढोल

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात पंधरा-वीस घरांचा धनगरवाडा होता. तिथला कोंडिबा डावरा. ढोलाचं टिपरू त्याच्या डाव्याच हातात बसायचं, आणि वाजवायचा असा की चरणारी शेरडं माना वर करायची. पण रांगेत उभा राहिला की त्याचं कोपर शेजाऱ्याच्या कोपरावर आदळे आणि दोघांचाही ठेका चुके. शेवटी ढोलकऱ्यांचा म्होरक्या गेनबा वैतागला.

"कोंड्या, तू आपला ढोल वाहायचं काम कर. वाजवू नगंस."

तेव्हापासून दहा वर्षं कोंडिबा जत्रेला ढोल खांद्यावरून न्यायचा, आणि वाजवायचा तो रानात, एकटाच.

सन अडतीस साली गेनबानं पोरांना ढोल शिकवायचं मनावर घेतलं. जुनी माणसं थकत चालली होती. सात पोरं जमली. त्यांत त्याची नात साळूही हट्टानं येऊन बसली. गेनबा समोर बसून उजव्या हातानं टिपरू मारी, आणि पोरं नेमका डावा हात उचलत.

"उजवा रं, उजवा!" गेनबा खेकसे. पोरं दचकून दोन्ही हात खाली टाकत. महिना असाच गेला.

मग घोंगड्या विकायला गेनबाला भोरच्या बाजाराला जावं लागलं. निघताना तो कोंडिबाला म्हणाला, "पोरांवर ध्यान ठिव. ढोल फोडत्याल."

गेनबा खिंडीपलीकडं गेला न गेला, तोच साळू म्हणाली, "काका, तुमी वाजवा की!"

कोंडिबानं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग ढोल पुढ्यात ओढला. पोरं बघत राहिली, आणि बघता बघता त्यांचे हात चालू लागले. कोण चुकलं तर कोंडिबाच हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून धरायचा. चौथ्या दिवशी सातही पोरं एका ठेक्यात आली.

परतताना गेनबाला खिंडीतच ढोल ऐकू आला. धापा टाकत तो वाड्यावर आला.

"काय केलंस रं ह्यास्नी?"

"म्या काय बी न्हाई केलं. नुसता वाजिवला."

"आज्या, तुमचं बघून उलटं करावं लागतं," साळू म्हणाली. "काका करत्यात तसंच करायचं. पाण्यात आपलं तोंड बघितल्यावानी."

गेनबा कोंडिबासमोर मांडी घालून बसला. त्यानं उजवा हात उचलला. कोंडिबाचा डावा बरोबर त्याच्यासमोर आला. म्हाताऱ्यानं एकदा आपल्या हाताकडं पाहिलं, एकदा त्याच्या. मग कपाळावर हात मारून मोठ्यानं हसला.

"दहा वरसं म्या तुला वझ्याचा बैल केला की रं!"

कोंडिबाही हसला, पण डोळे मात्र त्याला पटक्याच्या टोकानं पुसावे लागले.

जत्रेला पोरं देवळाकडं तोंड करून उभी राहिली. त्यांच्यासमोर उभं राहायचं तर कोंडिबाची पाठ देवाकडं होणार. तो घुटमळला.

"देवाला समदं दिसतंय," गेनबानं त्याला पुढं ढकललं. "पोरास्नी तू दिसला पायजेस."

त्या दिवशी ढोल असा घुमला की शेजारच्या वाड्यांनी आपली पोरं कोंडिबाकडं धाडायला सुरुवात केली. अंगणात रोज दणदणाट. "ह्या आवाजानं शेरडं आटत्याल माझी," म्हणून त्याची बायको भागूबाई कुरकुरायची, आणि पोरांसाठी टोपलंभर घुगऱ्या शिजवून ठेवायची.