लाइन

चंपतराव खाप्याचे. नागपूरच्या एका शेठची मॅटाडोर चालवत. शेठनं तिच्यात झोपायच्या फळ्या, स्टोव्ह, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलं होतं. यात्रेला निघालेली कुटुंबं महिना महिना त्या गाडीत राहत. बद्रीनाथच्या घाटातही चंपतरावांचा हात कधी चुकला नव्हता. तो चुकला खाप्यात, गाडी अंगणात उभी असताना.

धाकटा भाऊ मनोहर मस्कतला होता. लिहायचा त्याला कंटाळा. त्यानं इकडे येणाऱ्या एकाबरोबर आपला आवाजच पाठवला: काडेपेटीएवढी टेप आणि ती वाजवणारा तळहाताएवढा डबा. ती टेप इथल्या कोणत्याच टेपरेकॉर्डरमध्ये बसेना, आणि डब्याचा स्वतःचा आवाज डासासारखा. आईचा, पार्वतीबाईंचा, एक कान केव्हाच गेलेला. दुसरा पावसाळ्यापर्यंत साथ देईल, असं डॉक्टर म्हणाले होते. डबा कानाशी धरला की ती म्हणे, "काहीतरी वळवळून राहिलं गा. मनोहर कुठी हाय याच्यात?"

"माय, मी मनोहर," एवढं चंपतरावांनी ऐकलं आणि बटण बंद केलं. पुढचं आधी आईनं ऐकायचं.

गाडीतला स्टिरिओ मात्र दणदणीत. भजन लावलं की शेजारच्या गोठ्यातली म्हैस कान हलवी. डबा त्याला जोडायचा कसा, हे विचारायला चंपतराव नागपूरला, सीताबर्डीवर मारोतराव रेडिओवाल्याकडे गेले.

"सोपं हाय गा," कुणाचा तरी रेडिओ उघडून बसलेले मारोतराव मान वर न करता म्हणाले. वायर पुढे केली. "हे टोक डब्यात खुपस. हे दुसरं लाइनमधी दे."

"इतकंच?"

"मंग? विमान उडवाचं हाय काय तुले?"

घरी आले तर आई नवं लुगडं नेसून, केस विंचरून गाडीत बसलेली.

"त्याले तू दिसत नाही वं माय!"

"मले समजते. पण भेटाले बसली ना मी."

स्टिरिओच्या मागे भोकांची रांग होती, प्रत्येकावर इंग्रजी अक्षरं. त्यातलंच एक, 'लाइन इन' लिहिलेलं, मारोतरावांच्या मनातलं. पण खाप्यात काय, नागपुरात काय, लाइन म्हणजे एकच. दिवे गेले की सगळी गल्ली ओरडते, 'लाइन गेली!' आणि गाडीत लाइन येते ती बॅटरीतून. चंपतरावांनी वायरचं एक टोक डब्यात खुपसलं आणि दुसऱ्याच्या उघड्या तारा नीट पुसून बॅटरीला लावल्या.

डब्यातून धुराची बारीक रेघ निघाली. चटका बसला तरी त्यांनी तो हातातून सोडला नाही.

"काहून गा? बोलत काहून नाही तो?"

"लाइन गेली, माय!" ते तिच्या चांगल्या कानात ओरडले.

"गेली तं येईन. मी बसून राहते."

सीताबर्डीला मारोतरावांनी डबा उघडला आणि तसाच मिटला. "अरे, ही लाइन नोय गा चंपतराव..." टेप शाबूत होती. मस्कतला पत्र टाकलं. पण दुसरा डबा आणणारं माणूस दिवाळीआधी येणार नव्हतं.

गाडी खाप्यात आली की पार्वतीबाई चढून बसत.

"आली का गा लाइन?"

"नाही, माय."

आभाळ भरून येऊ लागलं तसं ते 'नाही' चंपतरावांना दोनदा, मग तीनदा ओरडावं लागू लागलं.