साठ किलोचा पट्टा

सुरुवातीला माझी पाठ खरंच दुखत होती, एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो. चाकणच्या कंपनीत ब्रेक ड्रमच्या क्रेट उचलून लाइनवर ठेवायचं काम माझं. एके दिवशी वाकलो तो सरळच होता येईना. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मला तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि क्रेट उचलायला आमच्याच शिफ्टमधले काका आले. परभणीकडचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. "तू बस रे भावा, मी हाय की," म्हणाले.

पाठीसाठी म्हणून चिखलीत जिम लावली, तिथल्या कोचने मला खांद्यावर वजनाचा बार घेऊ दिला नाही. कमरेला जाड पट्टा, पट्ट्याला साखळी, साखळीला वजनाच्या प्लेटा. दोन खोक्यांवर एकेक पाय ठेवायचा आणि मधे वजन लोंबकळतं ठेवून बैठका मारायच्या. भार सगळा पायांवर, पाठ मोकळी. दहा किलोपासून साठवर गेलो, तोवर पाठ ठणठणीत झाली होती. कंपनीत मात्र स्टुलावरून उठताना मी न चुकता कमरेला हात लावायचो. आजार खरा वाटावा म्हणून पट्ट्याच्या व्यायामाचं कॅन्टीनमध्ये मीच सांगितलं होतं.

ते ऐकूनच काका एका संध्याकाळी जिममध्ये आले. मी साठ किलो लावून खोक्यांवर उभा. कमरेला साखळी, पळणार कुठे? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी प्लेटा मोजल्या आणि मनापासून खूश झाले. "म्हंजे गुण येतो की याचा! अजून दुखतंय का?"

"अधूनमधून," मी म्हणालो.

"मला बी शिकीव. क्रेटी उचलून उचलून बुटाची नाडी बांधायला वाकता येईना झालंय. बायको बांधती."

मी पट्टा सोडून त्यांच्या कमरेला बांधला. दहाची एकच प्लेट लावली. ते खाली बसले आणि वर येताना माझा खांदा घट्ट धरला. 'उद्यापासून माझी जागा मी घेतो', एवढं एक वाक्य बोलायचं होतं. "पाच बैठका पुरे, काका," म्हणालो. लाज वाटली, पण टेबल सोडवत नव्हतं.

निघताना बाकावर बसून त्यांनी संकोचाने बूट पुढे केला. "तेवढी नाडी बांधतूस का? पन दमानं वाक, तुझी पाठ दुखती."

मी बांधली. आणि उठताना कमरेला हात लावला.